डाएटचा तक्ता बाजूला ठेवा, घरचंच ताट नीट लावा

सहा वर्षांपूर्वी जिममध्ये नाव घातलं तेव्हा फीच्या पावतीबरोबर एक छापील कागद हातात आला. सकाळी सातला ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी एकला दीडशे ग्रॅम चिकन आणि ब्रोकोली, चारला ग्रीन टी, रात्री आठला सूप आणि पुन्हा चिकन. महिना श्रावणाचा होता. आमच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा शिजत नाही. तोच कागद माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलालाही मिळाला. त्याला वजन वाढवायचं होतं, मला कमी करायचं होतं.

तरीही मी तो पाळला. चिकनच्या जागी पनीर धरून बारा दिवस काढले. आधी पाच माणसांचा स्वयंपाक, मग स्वतःसाठी वेगळी कढई. तेराव्या दिवशी नारळी पौर्णिमा आली. नारळीभाताचा एक घास खाल्ला आणि 'आज मोडलंच आहे, तर मोडू दे' म्हणून रात्रीपर्यंत खात राहिले. दुसऱ्या दिवशी कागद रद्दीत गेला.

पुढे वाचन वाढलं तेव्हा कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. सतत डाएटवर असणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. पोटात मिल्कशेक असूनही त्यांनी आइस्क्रीम जास्तच खाल्लं, कारण नियम मोडला होता आणि त्या दिवसापुरता संयम ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता. १९९१ मध्ये योआखिम वेस्टनहोफर या जर्मन संशोधकाने खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले, ताठर आणि लवचिक. 'हे कधीच खायचं नाही' अशा नियमांवर चालणाऱ्यांचा तोल जास्त वेळा सुटत होता. 'आज जास्त झालं, उद्या जरा कमी घेऊ' असं करणाऱ्यांचा कमी.

म्हणून मी माझ्या घरात जी पद्धत बसवली ती इथे पायरीपायरीने सांगते. तिचं सूत्र एवढंच: घरात जे शिजतं तेच खायचं, फक्त कशाचं किती हे आपण ठरवायचं. ज्या आहारासाठी रोज वेगळी शेगडी पेटवावी लागते तो मी तरी कुणाच्या घरी वर्षभर चाललेला पाहिला नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा पूर्वी उपाशी राहण्याचा अथवा खाऊन मुद्दाम उलटी करण्याचा त्रास झालेला असेल, तर पुढचे आकडे स्वतःहून लावू नका. आधी डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशी बोला.

पायरी १: आठवडाभर काहीही न बदलता लिहून काढा

एक वही घ्या. सात दिवस जे तोंडात जाईल ते लिहा. पोरांच्या ताटातलं उरलेलं, भाजी चिरताना खाल्लेले शेंगदाणे, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा, सगळं. कॅलरी काढायच्या नाहीत, फक्त पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि वेळ. या आठवड्यात काही सुधारायचं नाही, नाहीतर वही खोटं बोलते.

आठव्या दिवशी वही घेऊन बसा आणि तीन गोष्टी शोधा. प्रथिनं कोणत्या जेवणात अगदीच नाहीत? बहुतेक घरांत उत्तर येतं नाश्ता: पोहे, उपमा, चहा-बिस्किटं, चहा-चपाती. दुसरं, भुकेशिवाय कधी खाल्लं जातं? तिसरं, पिण्यातून किती साखर जाते? माझ्या वहीत रोजचे चार कप चहा निघाले, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. माझा निम्म्याहून जास्त कोटा चहातच संपत होता. चहा मी सोडलेला नाही. तीन कप, अर्धा-अर्धा चमचा साखर, यावर यायला दोन महिने लागले.

पायरी २: घरातली भांडी एकदा मोजून घ्या

इंटरनेटवर 'एक वाटी वरण', 'एक भाकरी' असे आकडे असतात. ती वाटी कुणाची आणि भाकरी कुणाच्या हातची? स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा आणा. रोज वापरायचा नाही, एका रविवारी तासभर पुरे.

आमच्याकडे भाकरी बहुतेक सासूबाई करतात. त्यांना मी म्हटलं, "आई, पीठ मळलं की मला एकदा गोळा द्या, वजन करते." त्या परातीवरून नजर न काढता म्हणाल्या, "भाकरी काय तराजूत घालायची चीज आहे का गं?" पण गोळा दिला. हिशेब केला तर त्यांच्या एका भाकरीला ८५ ग्रॅम पीठ निघालं. मी थापते तिला ५५. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ कॅलरी असतात, म्हणजे एका भाकरीत शंभर कॅलरींचा फरक. मी इतके दिवस 'दोन भाकऱ्या' असं लिहीत होते, आणि त्या कुणी केल्या यावर दोनशे कॅलरी इकडच्या तिकडे होत होत्या. आता आईंच्या हातची दीड आणि माझ्या हातची दोन, असं सरळ गणित आहे. भाकरी त्यांचीच चांगली होते. ती त्यांनी लहान करावी असा हट्ट मी धरला नाही.

मग तेलाची पळी. पळीभर पाणी घेऊन औषधाच्या टोपणाने मोजलं तर १५ मिलि भरलं. म्हणजे एक पळी तेल सुमारे १२० कॅलरी. पाच जणांच्या भाजीला मी डोळे झाकून चार पळ्या घालत होते, माणशी जवळपास शंभर कॅलरी फक्त फोडणीत. अडीच पळ्यांवर आले तर चवीत कुणालाही फरक कळला नाही. दोनवर आणली तेव्हा मात्र मुलगा म्हणाला, भाजी उकडल्यासारखी लागते. म्हणून अडीचवर थांबले.

तुमच्या घरात एवढं मोजा: आमटीची वाटी किती मिलिची, एका पोळीला पीठ किती, भाताचा एक मूद म्हणजे शिजलेला भात किती ग्रॅम, तेलाची पळी आणि साखरेचा चमचा. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

पायरी ३: दोनच आकडे काढा

पहिला आकडा दिवसाच्या कॅलरींचा. १९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घरी कुणालाही मांडता येतं. किलोतल्या वजनाला १० ने गुणा, त्यात सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवा, वय गुणिले ५ वजा करा. बाई असाल तर आणखी १६१ वजा, पुरुष असाल तर ५ मिळवा. ही झाली नुसतं पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा. बैठं काम आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस व्यायाम असेल तर तिला १.३७५ ने गुणा.

समजा वय ४०, उंची १५८ सेंमी, वजन ६८ किलो अशी बाई आहे. ६८० अधिक साधारण ९८८, वजा २००, वजा १६१, म्हणजे १३०७. गुणिले १.३७५ केले की १८०० च्या आसपास. वजन कमी करायचं असेल तर यातून ३०० वजा, १५००. याहून घाई केली की भूक, चिडचिड आणि स्नायूंची झीज होते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर वेग उत्तम आहे.

वजन वाढवायचं, स्नायू कमवायचे असतील तर १८०० मध्ये २०० ते ३०० मिळवा. इथे तरुण मुलांना एक सांगावंसं वाटतं. कोल्हापूर-सांगलीकडे तालमीतल्या खुराकाची गोष्ट घरोघरी ऐकू येते: लिटरावारी दूध, थंडाई, बदाम, तूप, मटण. तो खुराक पहाटेपासून जोर-बैठका आणि कुस्तीची मेहनत करून अंग पिळून काढणाऱ्या पैलवानाचा आहे. दिवसातून एक तास वजनं उचलून उरलेला दिवस खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगी तो पोटाच्या घेरावर लागतो.

दुसरा आकडा प्रथिनांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची निरोगी प्रौढांसाठीची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. ती साध्या दैनंदिन गरजेसाठी. वजनांचा व्यायाम करत असाल किंवा वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर १.२ ते १.६ धरा. आपल्या ६८ किलोंच्या बाईला ८० ग्रॅम पुरतील.

बाकी कर्बोदकं किती टक्के, स्निग्ध किती टक्के, हे सोडून द्या. हे दोन आकडे आठवडाभराच्या सरासरीत जुळले की काम होतं.

पायरी ४: प्रत्येक जेवणात आधी प्रथिनं ठरवा, मग बाकीचं

आपण 'आज भाजी कसली करायची?' असं विचारतो. तिथे 'आज डाळ, उसळ, दही, अंडं, मासा, यांतलं काय?' असं विचारायला लागा. माझ्या सगळ्या बदलांत सर्वांत जास्त फरक या एका प्रश्नाने पडला.

आपल्या घरातल्या वस्तूंचे ढोबळ आकडे पाठ असू द्या. कच्च्या तूरडाळीच्या ३० ग्रॅममधून साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, ४० ग्रॅम कोरड्या मटकीतून आठ-नऊ. एका अंड्यातून सहा. १०० ग्रॅम पनीरमधून १८-१९, पण सोबत अडीचशेच्या वर कॅलरी येतात. ग्लासभर, म्हणजे २०० मिलि दुधातून साडेसहा-सात, १०० ग्रॅम दह्यातून साधारण तीन. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर पंधरा. १०० ग्रॅम कच्च्या चिकनच्या छातीच्या मांसातून बावीस-तेवीस, बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसातून एकोणीस-वीस. शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात खरी, पण कॅलरी पाचशेच्या वर जातात. दाण्याचं कूट प्रथिनांसाठी आहे असं समजून पसाभर घालू नका. ते स्वादासाठी घाला.

आमच्याकडच्या वरणाबद्दल इथे थांबून सांगितलं पाहिजे. पाहुणा वाढला की पाणी वाढवायचं, ही आपली रीत. पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम उतरते, म्हणजे तीन ग्रॅम प्रथिनं. 'रोज वरण खातो' म्हणणाऱ्याच्या पोटात तेवढंच जातं. डाळ शिजवताना माणशी ३० ते ४० ग्रॅम मोजून घाला आणि वरण घट्ट ठेवा. पातळ हवंच असेल तर वाट्या दोन घ्या.

शाकाहारी माणसाचे ८० ग्रॅम कसे भरतात ते एका दिवसावर दाखवते. सकाळी ६० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी आणि वाटीभर दही, सतरा. दुपारी ज्वारीच्या दोन लहान भाकऱ्यांचे दहा-अकरा, मटकीच्या उसळीचे आठ, ताकाचे तीन, म्हणजे बावीस. संध्याकाळी मूठभर फुटाणे, सहा. रात्री घट्ट वरण साडेसहा, भात चार, सोयाबीन वड्यांची रस्साभाजी पंधरा, म्हणजे पंचवीस. झोपताना ग्लासभर दूध, सात. बेरीज सत्त्याहत्तर. दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतील, त्याची काळजी नको. अंडी खाणाऱ्या घरात हे बरंच सोपं जातं.

धान्य आणि डाळ एका दिवसात दोन्ही पोटात जायला हवीत, कारण प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असतं आणि मेथिओनिन डाळीत. भाकरी-पिठलं, वरण-भात, डाळ-बट्टी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही.

आणि उसळीवर लिंबू पिळा. कडधान्यांतलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की कमी लागतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. व्यायाम करताना दम लागतो, पाय जड होतात, म्हणून आहार वाढवणाऱ्या मैत्रिणींनी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. शाकाहारी असाल तर त्याच वेळी बी-१२ सुद्धा.

पायरी ५: ताट लावा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, म्हणजे ताटाचा निम्मा भाग. बटाटा त्यात धरायचा नाही. आपल्या ताटात डावीकडे चमचाभर कोशिंबीर आणि उजवीकडे वाटीच्या तळाला भाजी असते. हे उलटं करायचं आहे.

क्रम असा ठेवा. आधी मोठी वाटी भाजी आणि मोठी वाटी कोशिंबीर, नाहीतर नुसती काकडी-गाजर-मुळा चिरून. मग उसळ, आमटी किंवा मासा. सगळ्यात शेवटी भाकरी आणि भात, आधी ठरवलेल्या मापात. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं तर भाजी-आमटीला मोकळीक, भाकरी-भाताला दहा मिनिटं थांबून.

"भात सोडू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ लोकांना दोन गटांत विभागून वर्षभर एकाला कमी स्निग्ध आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार दिला. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोंनी, आणि हा फरक मोजण्याजोगा ठरला नाही. दोन्ही गटांत कुणाचं खूप उतरलं आणि कुणाचं उलट वाढलंही. कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाने भात सोडून ज्वारी खायची काही गरज नाही, आणि सोलापूरच्या माणसाने मालदांडीची भाकरी सोडून ब्राऊन राइस शोधायची तर नाहीच नाही. भातखाऊ माणसाने भाताचं माप ठरवावं आणि त्यावरची हुमणाची, म्हणजे माशांच्या आमटीची, किंवा कुळथाच्या पिठीची वाटी मोठी करावी.

व्यायामाच्या दिवशी व्यायामाआधीच्या किंवा नंतरच्या जेवणात अर्धी भाकरी किंवा एक केळं जास्त घ्या. सुट्टीच्या दिवशी ते वगळा.

पायरी ६: जोड्या ठरवून ठेवा

छापील तक्त्यात मंगळवारी ठरलेलं नाही मिळालं की गाडी अडते. म्हणून प्रत्येक वेळेसाठी साधारण सारख्या कॅलरी-प्रथिनांचे तीन-चार पर्याय लिहून ठेवा आणि त्यांतून जे घरात असेल ते उचला. माझे नाश्त्याचे असे आहेत: मुगाची धिरडी आणि दही, दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पोळी, एक थालीपीठ आणि मोठी वाटी दही, निम्मे पोहे आणि निम्मी वाफवलेली मोडाची मटकी एकत्र परतून. शेवटचा प्रकार मुलांनासुद्धा आवडतो आणि पोह्यांचं प्रमाण आपोआप अर्ध्यावर येतं.

खानावळीत किंवा मेसमध्ये जेवणाऱ्यांनी स्वयंपाकावर हुकूम चालवता येत नाही हे धरूनच चालावं. भाजीवरची तर्री वाटीत बाजूला काढा, आमटी दोनदा घ्या, चपात्या मोजून घ्या. खोलीवर फुटाणे, दूध, दही, काकड्या आणि जमल्यास उकडलेली अंडी ठेवा. तेवढ्याने वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं भरून निघतात.

मासे खाणाऱ्या घरात पावसाळ्यात मासेमारी बंद असते, मग श्रावण येतो. त्या काळासाठी कडधान्यांची यादी आधीच तयार असू द्या. सुकट-जवळा चालत असेल तर तोही चांगला आधार आहे, फक्त मीठ नीट धुऊन काढा.

पायरी ७: उपवास आणि सण आधीच धरा

महिन्याला दोन एकादश्या, एक संकष्टी, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, मग श्रावण आणि नवरात्र. जो आहार या दिवसांचा विचार करत नाही तो आपल्याकडे महिन्यातले निदान तीन-चार दिवस मोडणारच. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटलेलं नाही.

साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली घ्या. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा २१० कॅलरी, दाण्याचं कूट २५ ग्रॅम म्हणजे १३०, मोठा चमचा तूप १२०, थोडा बटाटा ४०. पाचशे झाल्या. प्रथिनं सहा-सात ग्रॅम, तीही दाण्यांची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ही ताटली खाऊन तासा-दीड तासात पुन्हा भूक लागते, मग वेफर्स येतात.

साबुदाणा बंद करू नका, तो दिवसातून एकदाच आणि अर्धी ताटली घ्या, सोबत मोठी वाटी दही आणि काकडीची कोशिंबीर. दुसरं जेवण वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, किंवा राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी आणि उपासाला चालणारी भोपळ्याची भाजी. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात, वरीत सहा-सात. मध्ये ताक, दूध, चालत असेल तर पनीर. काय चालतं आणि काय नाही हे घराघरावर आहे, ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा.

सणाचं निराळं. पुरणपोळी, मोदक, श्रीखंड हे त्या दिवसाचं जेवण आहे, गुन्हा नाही. आठवड्यात नाश्ता धरून एकवीस जेवणं होतात. त्यांतलं एखादं सणाचं असलं तर उरलेली वीस आहेतच. मी एवढंच करते: सकाळी धिरडं किंवा अंडी नेहमीसारखी खाते, उपाशी राहून जागा करत नाही, जेवायला दोन पुरणपोळ्या तुपासकट बसून चवीने खाते, रात्री कटाची आमटी, थोडा भात आणि कोशिंबीर. दुसऱ्या दिवशी भरपाईचा उपवास करत नाही. त्यातूनच पुन्हा बकाबका खाणं सुरू होतं.

दिवाळीचा फराळ मात्र जास्त जपून. तो एक दिवस नसतो, डबे तीन आठवडे घरात असतात. चाळीस ग्रॅमचा एक बेसनाचा लाडू दोनशे कॅलरींच्या आसपास जातो आणि जाता-येता डबा उघडून खाल्लेला लाडू कुणी मोजत नाही. फराळ ताटलीत घेऊन, चहाबरोबर, दिवसातून एकाच वेळी खायचा, हा आमच्या घरातला नियम आहे. प्रमाणही आम्ही निम्म्यावर आणलं. आईंना सुरुवातीला ते रुचलं नाही, पण लाडू खवट व्हायच्या आत संपतात हे त्यांनाच आवडलं.

पायरी ८: किराण्याची यादी तपासा

ही पायरी मला कुठल्या तक्त्यात सापडली नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यांत उपयोगी आहे. रोजच्या ताटात काय गेलं ते विसरायला होतं, दुकानदाराच्या बिलात काहीच विसरलेलं नसतं. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या नमुना आहारात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम आहे. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे चार किलोंच्या जरा वर, साधारण साडेचार लिटर. आमच्या बिलात महिन्याला सात लिटर तेल होतं, तूप वेगळं. साखर माणशी २५ ग्रॅम धरली तर पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो. आमची आठ किलो येत होती. डाळी, कडधान्यं आणि मांस-मासे-अंडी मिळून त्याच आहारात दिवसाला ८५ ग्रॅम आहेत. पूर्ण शाकाहारी घरात पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्यं व्हायला हवीत. आमच्याकडे पाच किलोंत महिना निघत होता.

तो कागद समोर ठेवून मी आणि आई बराच वेळ बसलो. घरात कुणी आळशी नव्हतं, कुणी हावरट नव्हतं, फक्त यादी वर्षानुवर्षं तशीच लिहिली जात होती. आता तेल पाच लिटर येतं, साखर चार किलो, डाळी-कडधान्यं दहा किलो आणि अंडी पाच डझन. मटकी, चवळी, हुलगे, हरभरे, मूग आलटून पालटून येतात. रोज रात्री झोपताना एक कडधान्य भिजत पडतं, आणि ते भिजवलेलं असलं की उद्या काय करू हा प्रश्नच राहत नाही. घरातल्या बाकीच्यांना डाएटवर घातलं आहे असं कुणाला वाटलंही नाही.

बदल मात्र एका वेळी एकच करा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. आधी तेल, दोन महिन्यांनी साखर, मग कडधान्यं, असा आम्ही क्रम धरला.

पायरी ९: मोजत राहा, पण काट्याच्या नादी लागू नका

वजन आठवड्यातून तीन वेळा, सकाळी, पोट साफ झाल्यावर करा आणि तिन्हींची सरासरी लिहा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. अंगात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या कर्बोदकाबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यात खारट जेवणाचं पाणी वेगळं. लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर गेला तर ती चरबी नसते, तीन-चार दिवसांत तो खाली येतो. बायकांचं पाळीच्या आधीही असंच होतं, म्हणून या महिन्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा.

पोटाचा घेर पंधरा दिवसांनी टेपने मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमी ही धोक्याची रेषा मानली जाते. सोबत व्यायामातली प्रगती लिहा: किती किलो उचलले, किती जिने न थांबता चढले.

मग पंधरा दिवसांनी निर्णय घ्या. सरासरी वजन किंवा घेर उतरतो आहे, झोप चांगली आहे, व्यायामात जोर आहे, तर कशालाही हात लावू नका. घेर उतरला पण वजन तेच, तरी हात लावू नका. तीन-चार आठवड्यांत दोन्ही जागचं हललं नाही, तर आधी पहिल्या पायरीची वही तीन दिवस पुन्हा भरा, कारण बहुतेक वेळा माप सैल झालेलं असतं. वही चोख असेल तर अर्धी भाकरी किंवा एक मूद भात कमी करा, प्रथिनं आणि भाजी तेवढीच ठेवा. उलट सतत भूक लागते आहे, केस गळत आहेत, पाळी लांबते आहे किंवा झोप उडाली आहे, तर शंभर-दोनशे कॅलरी वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दर दहा-बारा आठवड्यांनी पंधरा दिवस तूट बंद ठेवा, म्हणजे ठरलेल्या १५०० च्या जागी शरीराच्या गरजेएवढं पूर्ण खा. नंतर पुढे जाताना तिसऱ्या पायरीतलं सूत्र नव्या वजनाने मांडा. ६८ ची ६३ किलो झालात तर दिवसाची गरज साधारण ७० कॅलरींनी उतरते. तेवढ्यासाठी आहार नव्याने आखायला नको, दिवसभरातलं पावणेदोन छोटे चमचे तेल कमी केलं की हिशेब पुन्हा जुळतो.